बासचा सोलो सुरू झाला की

प्रुइट लाउंजमध्ये बासचा सोलो सुरू झाला की लोक बोलायला लागत.

त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. रिवाजच तसा होता. सॅक्सोफोन वाजत असेतोवर सगळे माना डोलवत. पियानोच्या वेळी म्हातारे डोळे मिटून घेत. मग पियानो थांबे, ड्रमवरच्या काड्या हलक्या होत, आणि आर्डेलिया गॉइन्सची पाळी येई. नेमकं तेव्हाच कुणाला तरी शेजाऱ्याच्या आईच्या गुडघ्याची आठवण होई. कुणी कोंबडीच्या तळलेल्या विंग्ज मागवी. कुणी गाडी कुठं लावली ते बघून येई. ग्लासांत बर्फ पडे. आर्डेलिया वाजवत राही. तिचं संपलं की वेन्डेल ड्रमवर एक मोठा ठोका देई, लोक दचकून पुढं बघत आणि टाळ्या वाजवत. त्या टाळ्या कुणासाठी होत्या हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

दर रविवारी दुपारी ती जर्मनटाउन अव्हेन्यूवरच्या या लाउंजमध्ये वाजवायची. सकाळी चर्चमध्ये, दुपारी इथं. सोमवार ते शुक्रवार ती शाळेची पिवळी बस चालवायची. तिचा नवरा लेरॉन होता तेव्हा म्हणायचा, “बाई, तुझं सगळं आयुष्य पाठीमागं गोंगाट घेऊन चाललंय.” लेरॉन आता अटलांटाला दुसऱ्या संसारात होता. गोंगाट राहिला होता.

बास, माणसाहून उंच असं ते तारांचं वाद्य, तिनं निवडला नव्हता. शाळेत बास वाजवणारा मुलगा गाव सोडून गेला. बँडमास्तरांनी वर्गावर नजर फिरवली आणि म्हणाले, “तू उंच आहेस, तू उचल.” तिला ट्रम्पेट हवा होता. तिनं बास उचलला. पहिल्या महिन्यात बोटांची सालं गेली. मग तो तिला आवडू लागला. का, ते तिला सांगता यायचं नाही. खोलीत कुणाला कळायच्या आत खोलीची चाल बदलते, असं काहीसं ती म्हणायची आणि मग स्वतःच खांदे उडवायची.

टाळ्यांची तिला हाव नव्हती. तिला दुसरंच काही हवं होतं. एवढ्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं, की तुझं हे चुकतं. एकदाही नाही. सॅक्सोफोनवाल्या पोरांना पियानोवाले मिस्टर हॉयल बाजूला घेऊन झापायचे. “तिसऱ्या ओळीत काय कचरा केलास?” पोरं तोंड पाडून परत जायची आणि पुढच्या रविवारी बरी वाजवायची. आर्डेलियाला ते म्हणायचे, “छान, पोरी.” पियानोचं झाकण लावता लावता म्हणायचे. कधी कधी ती वाजवायच्या आधीसुद्धा म्हणायचे.

न्येमानं कॉलेजचं सांगितलं तेव्हा ती बसचे आरसे पुसत होती.

न्येमा लहान असताना तिच्याच बसमधून शाळेत जायची. मांडीवर सॅक्सोफोनची पेटी, वर डबा, त्यावर हनुवटी. आता ती हॅलोवेल कॉलेजात जॅझ शिकत होती. रस्त्यात बस दिसली की अजूनही हात करायची.

“मिस आर्डेलिया, तुम्ही आमच्याकडे अर्ज करा.”

“कशाचा? ड्रायव्हरचा?”

“अहो, शिकायला. वयाची अट नाही. आमच्यात एक आजी आहेत, ट्रॉम्बोन वाजवतात.”

“आणि ते बायकांचं कॉलेज ना?”

“बायकांचं नाही. सगळ्यांचं. पुरुष आहेत, दोन्हींत स्वतःला न बसवणारी मुलं आहेत. फक्त बँडमध्ये कोण काय वाजवणार, कोण किती वाजवणार, हे तुम्ही कोण आहात यावरून ठरत नाही. त्यासाठीच तो जॅझचा विभाग काढलाय. मास्तर निम्म्याहून जास्त बायका आहेत.”

“माझं उंचीवरून ठरलं होतं,” आर्डेलिया म्हणाली. “त्यासाठी काढलाय का विभाग?”

न्येमा हसली नाही. “तिथं सोलो ऐकतात,” ती म्हणाली. “आणि नंतर फाडून खातात. मी पहिल्या महिन्यात रोज रडायचे.”

आर्डेलियानं फडकं पिळलं. मग म्हणाली, “रोज?”

तिच्या आवाजात हेवा होता.

अर्जाबरोबर चित्रण पाठवायचं होतं. तीन धुना. एक वेगातली, एक संथ, एक ब्लूज. बरोबर खरा बँड हवा, कॉलेजच्या विद्यार्थ्यांची साथ चालणार नाही. कॅमेरा एकच, मधे कापाकापी नाही. आणि प्रत्येक धुनेत अर्जदाराचा सोलो, नीट ऐकू येणारा.

शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं.

तिच्या फोनमध्ये वर्षानुवर्षांची रेकॉर्डिंग होती. रविवारी सगळं आवरल्यावर ती घरी बसून ती लावू लागली. चांगली वाजली होती ती. हात चांगला होता, हे तिला स्वतःलाही ऐकू आलं. पण प्रत्येकात, तिची पाळी आली की, माणसं होती. “अगं, मग त्यानं काय सांगितलं डॉक्टरला?” “विंग्जबरोबर चटण्या, दोन रॅन्च, एक ब्लू चीज.” एकात कुणी तरी घटस्फोटाची अख्खी हकीकत सांगितली होती आणि ती बासच्या दोन आवर्तनांत अगदी मापात बसली होती. आर्डेलियानं ती शेवटपर्यंत ऐकली. नवऱ्याचंच चुकलं होतं. मग तिनं फोन सोफ्यावर आपटला.

नवीन चित्रण करावं लागणार होतं. म्हणजे गंमत अशी, की बायकांना बरोबरीची जागा देणाऱ्या वर्गात शिरायला तिला आधी दोन पुरुषांच्या दारात उभं राहावं लागणार होतं.

मिस्टर हॉयल आणि वेन्डेल लाउंजच्या मागच्या दाराशी उभे होते. वेन्डेल सिगारेट ओढत होता. तिनं सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं.

“जॅझमध्ये बाई-पुरुष असलं काही नसतं, पोरी,” मिस्टर हॉयल म्हणाले. “वाजवता येतं, नाहीतर येत नाही.”

“मग मला येतं का, मिस्टर हॉयल?”

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“तू नेहमी वेळेवर येतेस,” ते म्हणाले.

वेन्डेलला ठसका लागला. “मी विग लावून अर्ज करतो, आर्डी. दोघं जाऊ. तुझी बस, माझा विग.”

“तुला विगशिवायही घेतील. ते सगळ्यांना घेतात. वाजवता आलं पाहिजे.”

“बोल, बोल. साथ कोणाची पाहिजे?”

साथ त्याचीच पाहिजे होती.

तसे दोघं वाईट नव्हते. मिस्टर हॉयल लगेच हो म्हणाले. वेन्डेलनंही हो म्हटलं, वर सिगारेट पायाखाली चिरडून म्हणाला, “तुला नाही घेतलं तर ते मूर्ख.” तो मनापासून बोलत होता. तिला त्याचाच जास्त राग आला. ते मूर्ख आहेत हे त्याला कशावरून कळलं? त्यानं तिचा सोलो कधी ऐकला होता?

पहिला प्रयत्न लाउंजमध्येच केला. मालकीण मिस अर्लीन बारच्या स्टुलावर चढून ओरडली, “ऐका रे, आज आपली आर्डेलिया कॉलेजसाठी वाजवणार आहे. ज्यानं तोंड उघडलं त्याला पुढचा महिना पाणी मिळेल, नुसतं पाणी.” लोक हसले. सगळे शहाण्यासारखे बसले. न्येमानं फोन तिकाटण्यावर लावला.

पण टीव्हीचा आवाज बंद केला म्हणजे टीव्ही बंद होत नाही. बारच्या वर गावच्या ईगल्स संघाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता. वेगातली धून बरी चालली होती. आर्डेलियाचा सोलो आला. लोक खरोखर गप्प होते. तिला वाटलं, झालं. ती खालच्या तारेवरून वर चढत निघाली, आणि ईगल्सनं टचडाउन केला.

अख्खी खोली उठून उभी राहिली. मिस अर्लीन सगळ्यांच्या आधी.

“सॉरी, बाळा,” नंतर ती म्हणाली. तिच्या गालावर अजून आनंद होता. “पण चेंडू कसला पकडला बघितलास?”

आर्डेलियानं बघितला होता. वाजवता वाजवता तिचीही मान वर गेली होती. चित्रणात ते स्पष्ट दिसत होतं. याचा तिला स्वतःवर इतका संताप आला की ती त्या दिवशी कुणाशी बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये एका मुलानं विचारलं, “मिस आर्डेलिया, कोणी मेलंय का?”

“नाही रे. खाली बस.”

दुसरा प्रयत्न चर्चच्या तळघरात. तिथं टीव्ही नव्हता, बार नव्हता, माणसं नव्हती. पियानो सुरात होता. शनिवारी सकाळी चौघं जमले. तिनं दोघांना समोर उभं करून सांगितलं.

“माझ्या सोलोत मला जागा द्या. ऐकू आलं पाहिजे. एवढंच.”

“देतो की,” मिस्टर हॉयल म्हणाले.

त्यांनी नाही दिली. संथ धून होती. तिची पाळी आली. तिनं पहिला सूर लावला आणि तो विरेपर्यंत सोडला, कारण त्या सुराची गंमत त्या विरण्यातच होती. त्या मोकळ्या जागेत मिस्टर हॉयलांचा उजवा हात येऊन बसला. टिंग. मग परत टिंग, टिंग. ती जिथं जिथं थांबली तिथं तिथं त्यांनी काही ना काही घालून ठेवलं, पाहुण्याच्या ताटात वाढावं तसं.

तिनं तारांवर हात ठेवला. “मिस्टर हॉयल.”

“काय झालं?”

“तुम्ही वाजवताय.”

“मग? तुला एकटं कसं सोडू, पोरी?”

“सोडा. मला एकटंच पाहिजे.”

“विचित्र वाटतं. रिकामं वाटतं ते.”

“रिकामं नाहीये ते. मी आहे तिथं.”

त्यांना लागलं ते. त्यांनी चष्मा काढून पुसला. सगळी हयात त्यांनी बायकांना साथ केली होती, गाणाऱ्या बायकांना, आणि गाणारी श्वास घ्यायला थांबली की ती जागा भरायची हेच त्यांना शिकवलं होतं. आर्डेलियाला ते माहीत होतं. म्हणून तिला ओरडताही येईना. हे सगळ्यात वाईट. ज्याच्यावर ओरडता येतं तो माणूस परवडतो.

पुन्हा सुरू केलं. या वेळी मिस्टर हॉयलांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. शाळेतल्या पोरासारखे त्यांवर बसले. धून सुरेख गेली. सोलो आला. शांतता. तिनं तो पहिला सूर लावला. तो विरत गेला, आणि कुणी त्यात काही घातलं नाही. तिनं दुसरा सूर लावला.

वेन्डेल उठला. ड्रमला वळसा घालून, कॅमेऱ्याच्या पुढून, तो सावकाश दाराकडे चालू लागला. खिशात सिगारेट चाचपत.

न्येमाच्या तोंडून आवाज फुटला. वेन्डेल अर्ध्या वाटेत थांबला. त्यानं हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. मग आर्डेलियाकडे. त्याचा चेहरा पार उतरला.

“आर्डी,” तो म्हणाला, “शपथ सांगतो. पाय आपोआप गेले.”

ते खरंच होतं. वीसेक वर्षं बासचा सोलो आला की वेन्डेल सिगारेट ओढायला जात होता आणि शेवटच्या ठोक्याला बरोबर परत येत होता. सोलो कधी संपतो हे त्याच्या पायांना ठाऊक होतं. सोलोत काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावरून चर्चच्या स्वयंपाकघरातल्या सिस्टर ब्यूला खाली आल्या. वर मासे तळण्याचा कार्यक्रम होता. “तुम्ही बसलाच आहात तर विचारते, कुणाला प्लेट बांधून ठेवू? व्हायटिंग मासा आहे, मॅकरोनी आहे.”

“मला ठेवा,” वेन्डेल हळूच म्हणाला.

आर्डेलियानं बास भिंतीला टेकवला आणि ती बाहेर जाऊन फुटपाथवर उभी राहिली. थंडी होती. न्येमा मागोमाग आली.

“दुसरे लोक बघू का?” न्येमा म्हणाली. “मी दोघंतिघं ओळखते.”

“दुसरे म्हणजे कोण? तेही हेच. फक्त सिगारेट वेगळी.”

“मग?”

“मग काही नाही. नाही करत मी अर्ज. बस चालवायला सोलो लागत नाही.”

न्येमानं थंडीनं हात खिशांत घातले. मग म्हणाली, “लहानपणी मी तुमच्या मागच्याच सीटवर बसायचे. तुम्ही स्टिअरिंगवर बोटं वाजवायच्या. मी ऐकायचे.”

“खोटं बोलू नकोस. त्या बसमध्ये काही ऐकू येत नाही.”

“बोटं दिसायची,” न्येमा म्हणाली.

अर्जाची मुदत संपायच्या आधीचा शेवटचा रविवार. आर्डेलियाचं ‘नाही’ टिकलं नव्हतं, आणि चर्चचं तळघर मोकळं नव्हतं, म्हणून पुन्हा लाउंज. मिस अर्लीननं या वेळी टीव्हीची वायरच काढून ठेवली, आणि त्यासाठी शिव्या खाल्ल्या. मिस्टर हॉयलांनी हात मांडीखाली घालायचं कबूल केलं. वेन्डेलनं सिगारेटचं पाकीट न्येमाकडे जमा केलं.

वेगातली धून झाली. संथ झाली. दोन्हींत सोलोच्या वेळी कुजबुज होतीच, पण जेमतेम. मग ब्लूज. ब्लूज म्हणजे घरचं. लोक सैलावले. सॅक्सोफोनवाल्या पोरानं हवी त्याहून दुप्पट आवर्तनं घेतली, लोकांनी त्याला “होऊ दे, होऊ दे, अजून” म्हणून चढवलं. मग आर्डेलिया.

सुरुवात कोपऱ्यातल्या टेबलावरून झाली. “ती जागा पार्किंगची नाहीच मुळी.” दुसऱ्या टेबलानं उत्तर दिलं. मग बर्फ. मग कुणी तरी हसलं. आवाज पाण्यासारखा चढत गेला, कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा. आर्डेलिया जोरात वाजवू लागली. नेहमी हेच करायची ती. आवाज चढला की ती चढायची. बोटं तारेत खोल घालायची. मधेच एखादी ओळखीची चाल टाकायची, मुलांच्या गाण्यातली, जाहिरातीतली, म्हणजे लोक हसतील आणि क्षणभर वळतील. तिनं तशी चाल टाकलीही. कुणी वळलं नाही.

आणि तिनं थांबवलं.

हात पसरून तारांवर ठेवला. एवढंच. ठरवून नाही केलं.

खोलीला ते कळायला थोडा वेळ लागला. बोलणं एकेका टेबलावरून गळत गेलं. सगळे पुढं बघू लागले. आणि मग, धून संपली असं समजून, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून. कोपऱ्यातल्या टेबलानं शिट्टीही मारली.

आर्डेलिया टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली.

“झालं नाही अजून,” ती म्हणाली.

तिनं तेच आवर्तन पहिल्यापासून घेतलं. कुणी ग्लास उचलला नाही. वेन्डेल ड्रममागं काड्या छातीशी धरून बसला होता आणि तिच्याकडे असा बघत होता जणू इतकी वर्षं आपल्या शेजारी कोण राहतं ते त्याला आज कळलं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती रागानं वाजवत होती. राग चांगला होता, तालात होता.

कापाकापी करायची नव्हती. तिनं केली नाही. पार्किंग, बर्फ, टाळ्या, “झालं नाही अजून”, सगळं तसंच पाठवून दिलं.

मुलाखतीला बोलावणं आलं. न्येमा रस्त्यात बस अडवून नाचली. मागची मुलंही नाचली, कशासाठी ते न विचारता.

हॅलोवेलची खोली छोटी होती. भिंतींना कापड लावलेलं. प्रोफेसर स्टॅन्सिल नावाच्या एक वयस्कर बाई समोर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर ड्रम वाजवला होता, हे त्यांच्या मनगटांवरून दिसत होतं. साथीला तिथलेच विद्यार्थी. ड्रमवर एक मुलगी. पियानोवर एक मुलगा.

“तुमचं चित्रण मी बघितलं,” प्रोफेसर स्टॅन्सिल म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “ब्लूज घेऊ.”

घेतला. मुलगी चोख होती. मुलगा मोजकं वाजवत होता. मग त्यानं आर्डेलियाकडे बघून मान हलवली, हात उचलले आणि मांडीवर ठेवले. वर. खाली नव्हे. मुलीनं काड्या खाली केल्या. ती जागेवरच बसली.

शांतता झाली. भिंतींनी उरलासुरला आवाजही पिऊन टाकला.

आर्डेलिया वाजवू लागली. दोन आवर्तनं झाली, तिसऱ्यात तिनं ती मुलांच्या गाण्याची चाल टाकली. कुणी हसलं नाही. ती जास्त जोरात वाजवू लागली.

“थांबा,” प्रोफेसर स्टॅन्सिल म्हणाल्या. “कोणाशी भांडताय?”

“कोणाशी नाही, मॅडम.”

“मग ओरडताय कशाला?”

“मागं बसलेल्यांना ऐकू जायला.”

“मागं कोणी नाहीये.”

आर्डेलियाच्या कानशिलाला आग लागली. एवढी खटपट करून आले ते हे ऐकायला? “आमच्याकडे हळू वाजवलं की लोक विंग्ज मागवतात,” ती म्हणाली.

ड्रमवरची मुलगी हसली. प्रोफेसर स्टॅन्सिलही हसल्या. “माहीत आहे. मीही तसल्याच ठिकाणाहून आलेय. इथं कुणी काही मागवत नाही. पुन्हा वाजवा. आम्ही ऐकतोय असं समजून.”

तिनं वाजवलं. हळू. आणि तिला काही सुचेना. एक सूर लावला, तो छान होता, मग पुढं काय ते कळेना. आजवर पुढचा सूर गोंगाटच ठरवायचा. तो वर गेला की वर, खाली आला की खाली. आता कुणीच काही सांगत नव्हतं. ती चाचपडली, एक ओळ अर्धी टाकली, दुसरी उचलली, तीही हातातून गेली. वीसेक वर्षं ज्याची वाट बघितली ती शांतता तिला मिळाली होती आणि तिच्यात ठेवायला तिच्याजवळ काही नव्हतं. ती थांबली.

“हे मला येत नाही,” ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं. “जोरात येतं. हे नाही येत.”

“हो,” प्रोफेसर स्टॅन्सिल म्हणाल्या. “तुमची लय पक्की आहे. सूर भरीव आहे. पण तुम्ही एकही वाक्य पुरं करत नाही. मधेच कुणी तरी तोडणार, असं धरूनच चालता. ते चुकतं.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “आणि ती मुलांच्या गाण्याची चाल फालतू होती.”

घरी जाताना आर्डेलिया संतापली होती. सिग्नलला स्वतःशीच बोलत होती. फालतू म्हणे. पुढच्या सिग्नलला तिच्या ध्यानात आलं, की आज आपल्याला पहिल्यांदाच कुणी तरी सांगितलं, काय चुकतं ते. तरीही तिचा राग गेला नाही.

तिला घेतलं. वर्ग शरदात सुरू होणार होते, सकाळच्या आणि दुपारच्या फेरीच्या मधल्या वेळेत बसतील असे. बातमी लाउंजमध्ये तिच्या आधी पोचली होती. रविवारी ती बास घेऊन आत आली तेव्हा बारवर फुगे होते.

मिस्टर हॉयलांनी माइक घेतला. “आमची पोर कॉलेजात निघाली. इथं, या पियानोशेजारी शिकली ती.” टाळ्या झाल्या. “आज तिचा सोलो सगळ्यांनी ऐकायचा. मानानं. कॉलेजची बाई आहे आता.”

“शूऽऽ,” कोपऱ्यातलं टेबल आत्तापासूनच म्हणालं.

ब्लूज सुरू झाला. आर्डेलिया साथ करत होती, चार मात्रा, चार पावलं. सॅक्सोफोन झाला. पियानो झाला. मिस्टर हॉयलांनी हात उचलले आणि नाट्यपूर्णपणे मांडीखाली घातले. वेन्डेलनं काड्या छातीशी धरल्या. टीव्ही बंद होता. मिस अर्लीननं बर्फाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. सगळी खोली तिच्याकडे बघत होती, चर्चमध्ये बघतात तशी.

हेच तर तिला हवं होतं. मग बरं का वाटत नाहीये, ते तिला कळेना. मग कळलं. हे बासला गप्प बसले नव्हते. कॉलेजला गप्प बसले होते.

तिनं सोलो वाजवलाच नाही.

तिनं साथच चालू ठेवली. चार मात्रा, चार पावलं, वर नाही, खाली नाही, एकही दागिना नाही. जी साथ ती दर रविवारी दुसऱ्यांच्या पायाखाली घालत आली होती तीच, फक्त आता वर कुणी चालत नव्हतं. एक आवर्तन. दोन. लोक श्वास रोखून ऐकत होते. एका म्हातारीनं डोळे मिटले. वेन्डेल मात्र आधी गोंधळला, मग त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याला कळलं होतं. त्यानं हळूच काडी खाली केली आणि तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकू लागला.

संपलं तेव्हा फुगे हलले एवढ्या टाळ्या झाल्या.

मिस्टर हॉयल उठून आले. त्यांचे डोळे ओले होते. “इतक्या वर्षांतला सगळ्यात भारी सोलो, पोरी. इतकं सुंदर तू कधीच वाजवलं नव्हतंस.”

“मी साथ करत होते, मिस्टर हॉयल,” आर्डेलिया म्हणाली. “रोजचीच.”

पण त्यांनी तोवर मान बारकडे वळवली होती. ते विचारत होते, विंग्ज गरम आहेत का.